दख्खनचे थोर राज्यकर्ते : दफ्तर, धारा आणि पाणी या तीन कसोट्या

प्रास्ताविक

हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागात शहर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांची तेथे दिवसभर गर्दी असते. या परीक्षांसाठी इतिहास वाचला जातो तो बहुधा तक्त्याच्या रूपात : राजाचे नाव, घराणे, राज्यारोहणाचे वर्ष, प्रसिद्ध लढाई, बांधलेली वास्तू. अशोक, सातवाहन, काकतीय, बहमनी, कुतुबशाही, आसफजाही असे रकाने एकाखाली एक येतात. परीक्षेपुरता हा तक्ता उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु याच तक्त्यातील काही नावांपुढे 'महान' किंवा 'थोर' हे विशेषण लागते आणि काहींपुढे लागत नाही. ते कशामुळे लागते, हे तक्ता सांगत नाही.

वर्गात हा प्रश्न टाळता येत नाही. कसोटी सांगितली नाही तर विद्यार्थी स्वतःच एक कसोटी लावतात आणि ती बहुधा राजाच्या धर्माची किंवा भाषेची असते. मग एका बाकावरचा थोर राजा दुसऱ्या बाकावर जुलमी ठरतो. अध्यापकाने दोन्ही बाजूंना समजावून गप्प केले तरी मनातील निवाडा बदलत नाही. कसोटी दिल्याशिवाय निवाडा बदलत नसतो.

प्रस्तुत लेखात दख्खनच्या राज्यकर्त्यांसाठी तीन कसोट्या सुचवल्या आहेत. राजाचे दफ्तर कोणाच्या भाषेत चालले? त्याने शेतसारा कसा ठरवला आणि कसा वसूल केला? त्याने पाण्याची कोणती सोय केली? लढाया व इमारती यांपेक्षा या तीन गोष्टींचा सामान्य माणसाच्या आयुष्याशी अधिक जवळचा संबंध असतो. शिवाय या कसोट्या कोणत्याही धर्माच्या राजाला सारख्याच लावता येतात. म्हणूनच वर्गात त्यांचा उपयोग आहे.

प्राचीन परंपरा : लोकांच्या भाषेत बोलणारा राजा

दफ्तराची कसोटी नवी नाही. सम्राट अशोकाने (इ. स. पूर्व सुमारे २६८ ते २३२) आपले लेख संस्कृतात नव्हे, तर प्राकृतात कोरवले. वायव्य सरहद्दीवर जेथे ग्रीक व अरामी भाषा चालत होत्या, तेथे त्याने त्या भाषांचा वापर केला. ज्या प्रदेशात लेख, त्या प्रदेशातील माणसाला तो कळावा, असा हेतू त्यात दिसतो. हैदराबादच्या अध्यापकाला यातील एक धागा फार जवळचा वाटेल. बहुतेक लेखांत राजाचा उल्लेख 'देवानां प्रिय' अशा उपाधीने येतो. 'अशोक' हे नाव स्पष्टपणे देणारा मस्की येथील लेख १९१५ साली सापडला, तो तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील रायचूर जिल्ह्यात. हा लेख निजामाच्या पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केला. म्हणजे बौद्ध सम्राटाची ओळख पक्की करण्यात मुस्लिम संस्थानिकाच्या एका खात्याचा वाटा आहे.

अशोकानंतर सातवाहनांनीही राज्यकारभाराचे लेख प्राकृतातच कोरले. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिने मुलाच्या गौरवाचा लेख कोरवला आहे. त्यात त्याच्या विजयांबरोबरच तो धर्मानुसार कर घेत असे, हेही आवर्जून सांगितले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कर न्याय्य असणे हा राजाच्या थोरवीचा भाग मानला जात होता, असे यावरून म्हणता येते.

पहिली कसोटी : दफ्तर

मध्ययुगात दख्खनमध्ये १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. पुढे त्याची पाच शकले झाली. या राज्यांत दरबाराची भाषा फारसी होती. मात्र गावाचा हिशेब फारसीत लिहिला जात नव्हता. पीक किती आले, कोणाची किती बाकी राहिली, ही नोंद मराठी मुलखात कुलकर्णी आणि तेलुगू मुलखात करणम ठेवीत असे, आणि तो ती आपल्या भाषेत ठेवीत असे. खालचा कागद एका भाषेत आणि वरचा दुसऱ्या भाषेत, अशी ही स्थिती होती.

विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५३४ ते १५५८) याने यात महत्त्वाचा बदल केला. त्याने सरकारी हिशेबातून फारसी काढून त्याजागी हिंदवी आणली आणि हे काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. फरिश्ता पुढे विजापूर दरबारातच होता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्याने वापरलेला शब्द 'हिंदवी' असला तरी राज्याच्या पश्चिम भागात त्याचा अर्थ व्यवहारात मराठी असाच होतो. आदिलशाहीतील अनेक कागदांवर फारसी मजकुराबरोबर मोडी लिपीतील मराठी मजकूर आढळतो.

या निर्णयाचे महत्त्व उत्तरेशी तुलना केली की स्पष्ट होते. अकबराच्या काळात १५८२ च्या सुमारास राजा तोडरमलाने महसुलाच्या हिशेबासाठी फारसी सर्वत्र लागू केली. नोकरी हवी असेल त्याने फारसी शिकावी, असा त्याचा परिणाम झाला. दख्खनमध्ये त्याआधीच काही दशके उलट दिशेने पाऊल पडले होते. तेथे दफ्तरच कारकुनाच्या भाषेकडे आले.

कुतुबशाहीत हेच काम तेलुगूच्या बाबतीत झाले. इब्राहिम कुली कुतुबशहा (१५५० ते १५८०) याने तारुण्यातील सुमारे सात वर्षे विजयनगरच्या आश्रयाला काढली होती. तेलुगू कवी त्याला 'मल्किभराम' म्हणत. अद्दंकी गंगाधर कवीने आपले तेलुगू काव्य त्याला अर्पण केले. सतराव्या शतकात अब्दुल्ला व अबुल हसन यांच्या काळातील फर्माने फारसी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत निघत. याच घराण्यातील महंमद कुली याने १५९१ साली हैदराबाद वसवले आणि दख्खनी भाषेत वसंत, पावसाळा, सण यांवर कविता लिहिल्या.

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) हाही या परंपरेतील होता. दख्खनी भाषेतील 'किताब-ए-नौरस' या गीतसंग्रहात त्याने सरस्वतीला वंदन केले आहे. प्रजा त्याला 'जगद्गुरू' म्हणे.

शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. दफ्तरातील सुमारे चौदाशे फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. वरवर पाहता हे आदिलशाही परंपरेच्या विरुद्ध वाटते. प्रत्यक्षात प्रश्न तोच आहे : राज्याचा कागद कोणाच्या भाषेत असावा? दीडशे वर्षे मराठी दफ्तरात लिहिणारे हात तयार झाले होते, म्हणूनच हा कोश शक्य झाला, असे म्हणावे लागेल.

या देवघेवीचा पुरावा आजही मराठी घरांच्या दारावरील पाट्यांवर आहे. फडणीस म्हणजे फर्दनवीस, पारसनीस म्हणजे फारसीनवीस, मुजुमदार म्हणजे मजमुआदार. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, तारीख, रयत हे शब्द मराठी शेतकरी परके मानत नाही. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या अध्यापकांनी एकाच तासाला हे शब्द फळ्यावर लिहून पाहावेत. दोन्ही माध्यमांच्या विद्यार्थ्यांना ते आपलेच वाटतील.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. दफ्तर मराठीत आले म्हणजे ते रयतेच्या हाती आले, असे नव्हे. मोडी वाचणारे थोडे होते आणि ते ठराविक जातींतील होते. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला त्यातील लबाडी पकडता येत नाही, मग कागद कोणत्याही भाषेत असो. राजाने भाषा जवळ आणली, शाळा मात्र जवळ आणली नाही.

दुसरी कसोटी : धारा

शेतसारा ठरवण्याची जुनी सोपी रीत म्हणजे मक्ता. मुलूख मक्त्याने दिला की सरकारला रक्कम आगाऊ कळते. मक्तेदार मात्र दिलेल्या रकमेपेक्षा अधिक वसूल करण्याच्या मागे लागतो. दुष्काळ पडला तरी त्याची मागणी कमी होत नाही.

ही रीत मोडणारा दख्खनमधील सर्वांत मोठा कारभारी राजा नव्हता. मलिक अंबर हा मूळचा हबशी. अबिसीनियात सुमारे १५४८ साली त्याचा जन्म झाला. गुलाम म्हणून तो अनेक हातांतून विकला गेला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर निजामशाही संपल्यासारखी झाली होती. मलिक अंबरने ती पुन्हा उभी केली आणि १६२६ साली मृत्यू येईपर्यंत जवळजवळ पाव शतक तिचा कारभार पाहिला. गादीवर निजामशहा होता, सत्ता अंबरच्या हाती होती. तक्त्यातील 'राजा' या रकान्यात म्हणूनच त्याचे नाव बसत नाही.

त्याने मक्तेदारी बंद केली. जमिनीचा कस पाहून प्रत ठरवली, काही वर्षांच्या पिकांचा अंदाज घेऊन धारा बांधला आणि वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलाकडे ठेवली. शेतकऱ्याला किती द्यायचे ते आधी कळू लागले. पेरणीपूर्वी देण्याचा आकडा माहीत असणे ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पडीक जमीन लागवडीखाली आणायची की नाही, हे त्यावरच ठरते. या पद्धतीची आठवण 'मलिकंबरी धारा' या नावाने महाराष्ट्रात पुढे दोन शतके टिकली. इंग्रज अधिकाऱ्यांनाही जुन्या महसुलाची चौकशी करताना हे नाव वारंवार ऐकावे लागले.

शहाजीराजांचा आरंभीचा काळ याच निजामशाहीत गेला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मलिक अंबरच्या बाजूने लढले. पुढे शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात अण्णाजी दत्तो यांनी काठीने जमीन मोजून सारा ठरवला. वतनदारांवर अंकुश ठेवून रयतेशी सरकारचा थेट संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला. या धोरणाचा उत्तम दाखला म्हणजे महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र. दाणा-वैरण उधळून संपली तर सैनिक रयतेच्या घरून धान्य, लाकूड, भाजी उचलतील आणि मग त्या रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा इशारा त्यात आहे. रात्री दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तरी गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचार एका राजाने लेखी केला आहे. भाजीच्या देठालाही मोल देणारे हे पत्र कोणत्याही विजयाच्या वर्णनाइतकेच वर्गात वाचण्यासारखे आहे.

या कसोटीलाही सीमा आहे. मलिक अंबरच्या गनिमी काव्यात शत्रूची रसद तोडण्यासाठी मुलूख उद्ध्वस्त होत असे. चौथाईची मागणी परमुलखातील रयतेपर्यंत पोचत असे. राजाची न्यायबुद्धी त्याच्या सरहद्दीवर थांबते, ही गोष्ट त्या काळातील जवळजवळ सर्वच राज्यकर्त्यांना लागू पडते आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

तिसरी कसोटी : पाणी

चिक्कडपल्लीहून पश्चिमेस थोडे चालत गेले की हुसेनसागर लागतो. हा तलाव १५६२-६३ साली इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात झाला. हुसेनशाह वली यांनी ते काम पाहिले म्हणून त्यांचे नाव तलावाला मिळाले. हैदराबाद शहर वसले १५९१ साली. म्हणजे तलाव शहरापेक्षा सुमारे अठ्ठावीस वर्षांनी जुना आहे.

मलिक अंबरने १६१० साली खडकी हे नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. या नगरासाठी त्याने डोंगराकडून जमिनीखालून नळाने पाणी आणले. 'नहर-ए-अंबरी' या नावाने ती योजना प्रसिद्ध आहे. उतार साधून, ठिकठिकाणी हवेसाठी व दुरुस्तीसाठी उच्छ्वास ठेवून हे पाणी कित्येक पिढ्या शहराला मिळत राहिले. नगराचे नाव अनेकदा बदलले, नहर मात्र अंबरच्या नावाने राहिली.

हैदराबादेत २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने अभियंते विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या सूचनांनुसार पूर अडवणारे व शहराला पाणी देणारे दोन जलाशय झाले : १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर. आपत्ती ओढवल्यावर राज्याबाहेरच्या जाणकाराला बोलावणे आणि त्याचा सल्ला पैसा खर्च करून अमलात आणणे, हीसुद्धा राज्यकर्त्याची पात्रता आहे.

तिन्ही कसोट्या एकत्र : एक अवघड उदाहरण

कसोट्यांचा खरा उपयोग अवघड उदाहरणात कळतो. सातवे निजाम मीर उस्मान अली खान (१९११ ते १९४८) यांना काही जण थोर म्हणतात, काही जण जुलमी. तिन्ही कसोट्या लावून पाहिल्या तर काय दिसते?

पाण्याच्या कसोटीवर ते उत्तम उतरतात. वर सांगितलेले दोन्ही जलाशय त्यांच्याच काळातील आहेत.

दफ्तराच्या कसोटीवर उत्तर दुहेरी येते. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. आधुनिक शास्त्रे भारतीय भाषेतून उच्च पातळीवर शिकवण्याचा तो धाडसी प्रयोग होता. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' हा अनुवाद विभाग स्थापन झाला आणि मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या विद्वानांनी तेथे काम केले. इंग्रजीशिवाय वैद्यक व गणित शिकवता येते, हे या विद्यापीठाने दाखवले. मात्र ती भाषा उर्दू होती. संस्थानात तेलुगू बोलणारे सुमारे निम्मे आणि मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा होते. कन्नड भाषकही मोठ्या संख्येने होते. औरंगाबाद किंवा वारंगळच्या शेतकऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी आधी परकी भाषा आत्मसात करावी लागे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात जो प्रश्न ओळखला होता, तो विसाव्या शतकात अपुरा सुटला. १९३७ साली परतूर येथे भरलेल्या महाराष्ट्र परिषदेमागे आणि त्यापूर्वी तेलंगणात उभ्या राहिलेल्या आंध्र संघटनांमागे भाषेची ही वेदना होती.

धाऱ्याच्या कसोटीवर चित्र सर्वांत फिके आहे. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होते. त्यांनी मक्तेदारी मोडून जिल्हे आखले व पगारी अधिकारी नेमले होते. परंतु संस्थानातील सुमारे दोन-पंचमांश मुलूख जहागिरी आणि निजामाची खासगी जमीन म्हणजे सर्फ-ए-खास यांच्याखाली राहिला. तेथे या सुधारणा पुरत्या पोचल्या नाहीत. तेलंगणातील वेठबिगारीने १९४६ साली सशस्त्र उठावाचे रूप घेतले. रझाकारांच्या काळात सामान्य माणसाचे जीवित असुरक्षित झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, त्यावेळी आणि त्यानंतर झालेल्या हिंसाचारात मुस्लिम रयतही मोठ्या प्रमाणावर होरपळली. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या.

या उदाहरणात 'थोर' किंवा 'जुलमी' असा एक शब्द पुरत नाही. ज्या सत्तेने धरण बांधले, त्याच सत्तेने वेठ चालू दिली. विद्यार्थ्याने दोन्ही वाक्ये एका परिच्छेदात लिहायला शिकणे, हे इतिहासाच्या शिक्षणाचे मोठे फलित आहे.

१६७७ ची भेट

या संदर्भात हैदराबादच्याच भूमीवरील एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज हैदराबादेत आले आणि अबुल हसन कुतुबशहाला भेटले. कुतुबशहाचा मुख्य कारभारी मादण्णा हा तेलुगू जाणणारा ब्राह्मण होता. बोलणी जुळवण्यात महाराजांच्या बाजूने रघुनाथपंत हणमंते यांचा पुढाकार होता. भेटीतून मोगलांविरुद्ध मैत्री आणि मोहिमेसाठी साहाय्य निश्चित झाले. पुढे मादण्णा व त्याचा भाऊ आकण्णा यांची १६८६ साली हत्या झाली आणि १६८७ साली गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला. अबुल हसनने उरलेले आयुष्य दौलताबादच्या कैदेत काढले. खुलताबादला त्याचे दफन झाले. मलिक अंबरची कबरही त्याच गावी आहे.

एका मुस्लिम सुलतानाचा हिंदू प्रधान, त्याचा पाहुणा हिंदू राजा आणि त्या दोघांवर चाल करून येणारा मुस्लिम बादशहा, ही मांडणी धर्माच्या रकान्यात बसत नाही. दख्खनच्या राज्यांचे हित आणि दिल्लीचा विस्तार हा येथील खरा संघर्ष होता.

अध्यापनासाठी काही सूचना

पहिली सूचना अशी की, प्रत्येक राज्यकर्त्यासाठी विद्यार्थ्यांनी दफ्तर, धारा, पाणी असे तीन रकाने करावेत आणि चौथा रकाना 'कोण वगळले गेले' असा ठेवावा. चौथा रकाना रिकामा राहिला तर अभ्यास अपुरा आहे असे समजावे.

दुसरी सूचना म्हणजे निवाडा देण्यापूर्वी पुरावा कोणाचा, हे विचारावे. फरिश्ता दरबारी इतिहासकार होता, बलश्री राजाची आई होती. स्तुती करणाऱ्याचे हितसंबंध समजल्याने पुरावा खोटा ठरत नाही, पण त्याचे वजन कळते.

तिसरी सूचना परिसराची आहे. हैदराबादच्या अध्यापकाला हुसेनसागराचा बांध दाखवता येतो. तारनाका येथील राज्य अभिलेखागारात दख्खनच्या मोगलकालीन फारसी कागदांचा मोठा साठा आहे. मराठवाड्यातील अध्यापकाला नहरीचे अवशेष जवळ आहेत. ज्याच्याजवळ यापैकी काही नाही, त्याने विद्यार्थ्यांची आडनावे आणि शेताचा सातबारा घ्यावा. त्यातील शब्दांतही तोच इतिहास आहे.

समारोप

दख्खनच्या थोर राज्यकर्त्यांत कोणी सम्राट होते, कोणी सुलतान, कोणी छत्रपती, आणि एक तर गुलाम म्हणून विकला गेलेला कारभारी होता. त्यांना एका माळेत ओवणारी गोष्ट त्यांचा धर्म नाही, भाषा नाही की वंश नाही. रयतेला समजेल असा कागद, पेरणीपूर्वी कळेल असा सारा आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असे पाणी, यांपैकी काहीतरी त्यांनी मागे ठेवले. कोणी अधिक, कोणी उणे. तिन्ही गोष्टी सर्वांना सारख्या देणारा राजा इतिहासात सापडणे कठीण आहे.

चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयात वाचत बसलेल्या तरुणांपैकी काही जण उद्या तहसीलदार होतील, काही जण जिल्ह्याचा कारभार पाहतील. आदेश कोणत्या भाषेत काढायचा, सारा किंवा मदत कशी ठरवायची, पाणी आधी कोणाला सोडायचे, हे निर्णय त्यांच्या टेबलावर येतील. राज्यकर्त्याला लावलेल्या या तीन कसोट्या तेव्हा त्यांनाही लागू होतील. इतिहासाच्या अध्यापकाने त्या आजच त्यांच्या हाती दिल्या पाहिजेत.